आपण ती फायनल का हरलो

गारखेडा, १४ डिसेंबर २०२५

प्रिय सायली,

गेल्या नऊ वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, माफ कर. आधी 'वेळ मिळाला नाही' असं लिहिलं होतं, ते खोडलं. वेळ होता.

कॉलेजच्या स्मरणिकेसाठी पंचवीस वर्षांपूर्वीच्या आपल्या बास्केटबॉल फायनलवर लेख मागितला होता. जुनी डायरी काढली. दोन गुणांनी हरलो आपण. कारणं बरीच सापडली. सुरेखा अंगात ताप घेऊन खेळली. अकरा फ्री थ्रो वाया गेले. आपले कोच राजेंद्र सर नको म्हणत असताना सकाळी आपण पोह्यांवर जिलबी हाणली. तुझे वडील पाचोडच्या बाजारातलं दुकान सोडून पहिल्यांदाच मॅच बघायला आले होते. बॉल कुणाच्याही हातात असो, "सायले, पळ की!" एवढंच ओरडत होते. हे लिहिताना एकटीच हसले.

शेवटची दोन मिनिटं उरली होती. तुझे चार फाऊल झालेले, पाचव्याला बाहेर; माझा एकच. बास्केटखाली आपण दोघींनी उडी मारली आणि शिट्टी वाजली. तेव्हा जिचा फाऊल तिनं हात वर करायचा असे. समोरच्या मुलीला कोपर माझं लागलं होतं, सायली. पंचांनी तुझा नंबर दाखवला. तू माझ्याकडे बघितलंस, हात वर केलास आणि बाहेर जाऊन बसलीस. परतताना टेम्पोत कुणीतरी म्हणालं, "बाजारात धक्के मारायची सवय हाय तिला." सगळ्या हसल्या. मीही हसले. काका मात्र तुला एवढंच म्हणाले, "लई पळलीस. चल आता घरी." विद्यापीठाच्या संघाच्या निवडीला आपल्यातली एकच जाणार होती. तू आलीच नाहीस, मी गेले. शिट्टी वाजली तेव्हा हे माझ्या मनात होतं का? डायरीत तीनदा 'नाही' लिहिलंय. एकदा लिहून पुरलं असतं.

लेखात शेवटचं कारण मी 'सायलीचा पाचवा फाऊल' असं दिलं, आणि तो छपाईला गेला. काल सुरेखाचा फोन आला. स्मरणिका वाटणार त्या कॉलेजच्या मेळाव्याला तू येणार आहेस, आणि तुझी लेक आता आपल्याच कॉलेजच्या टीममध्ये आहे. काका गेल्याचंही तिच्याकडूनच कळलं. त्यांना सांगायचं राहून गेलं. लेकीच्या हातात स्मरणिका पडण्याआधी तुला माझ्याकडून हे कळावं, म्हणून लिहितेय. तुम्ही दोघी येणार नसतात तर लिहिलं असतं का, हे मला खरंच सांगता येत नाही.

तुझीच,
चारुता

(डायरीत) उद्या : गुलमंडीच्या छापखान्यात जाऊन लेखाच्या त्या ओळीत 'सायलीचा पाचवा' खोडून 'माझा दुसरा' घालणे.