लोकेशन पाठवलंय

पनवेल,
शनिवार, १३ डिसेंबर २०२५

प्रिय रोशनी,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघाही बरा, म्हणजे कुरकुरतो पण चालतो, माझ्यासारखाच. वर्षभराने माझं अक्षर बघून दचकू नकोस. आधी माझी तक्रार ऐक.

शाळेने माझी काठी काढून घेतली. तीच, लाल टोकाची, जिने मी पनवेलच्या दोन पिढ्यांना सह्याद्री दाखवला. भिंतीवरचे नकाशे गुंडाळून माळ्यावर टाकले आणि वर्गात बोटाने चालणारा पडदा आला. बोट जरा रेंगाळलं की उरणवरून थेट अरबी समुद्रात जातं, आणि दोन बोटं लागली तर आफ्रिका. इतिहास या अन्यायाची नोंद घेईल. मुख्याध्यापकांनी घेतली नाही.

मुलांबद्दल तर विचारूच नकोस. सातवीला विचारलं, उत्तर कुठे? "मॅडम, स्क्रीनच्या वरच्या बाजूला." मैदानात नेऊन विचारलं, तर प्रत्येकाने नाकासमोर बोट केलं. जितकी मुलं तितक्या उत्तर दिशा! आमच्याच गल्लीतला शार्दूल म्हणतो, "मॅडम, मी वळलो की उत्तरपण वळते." मी म्हटलं, "तू काय ध्रुवतारा आहेस का रे?" तर म्हणे, "ॲपमध्ये तसंच असतं."

काल 'कुणी लोकेशन पाठवलं तर ते कसं वाचायचं' हा धडा होता. उदाहरण म्हणून मी तुझंच काढलं. मुद्दाम काढलं, खोटं कशाला बोलू? सख्ख्या मोठ्या बहिणीला उलव्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीचं आमंत्रण म्हणून नुसतं लोकेशन पाठवायचं, ना फोन, ना अक्षता! राग वर्षभर मुरला होता. तेव्हा त्या चौकोनातली लाल टिकली बघूनच माझं डोकं फिरलं होतं. 'बघते' एवढंच उत्तर टाकलं आणि आले नाही. तूही मग एका शब्दाने विचारलं नाहीस.

तर मी पडद्यावर ते लोकेशन उघडलं आणि ऐटीत म्हटलं, "हे बघा, उलवे."

जासईची रिया उठली. "मॅडम, ह्यो उलवा नाय. आमी रोज उलव्यातनंच येतो. ही पिन तं पनवेलात हाय."

"बस खाली," मी म्हटलं.

तेवढ्यात शार्दूल ओरडला, "मॅडम, ही तर तुमची बिल्डिंग! हा बघा खालचा झेरॉक्सवाला!"

सगळा वर्ग हसला. रिया तेवढी हसली नाही. "मंग कोनतरी तुमच्या दारात आलं व्हतं ना, मॅडम? तुमी घरात नवत्या काय?"

नव्हते गं. तुझं लोकेशन आलं त्या शनिवारी पालकसभा होती आणि फोन पर्समध्ये होता. संध्याकाळी तुझी टिकली दिसली, पण मी ती उघडलीच नाही. नकाशे शिकवणाऱ्या बाईने नकाशा उघडला नाही! मुलांना कोणत्या तोंडाने मार्क देऊ?

घरी येऊन समोरच्या किशोरीताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो नीताताई, तुमची बहीणच होती. बराच वेळ जिन्यात बसली होती. हातात कुंकवाची कोयरी, अक्षतांची पुडी. अक्षता काही माझ्याकडे दिल्या नाहीत, म्हणाली ताईच्याच हातात द्यायच्या. डबा तेवढा ठेवून गेली." तो डबा किशोरीताईंनी दुसऱ्या दिवशी आणून दिला होता, 'उलव्याहून आलाय' म्हणत. स्वानंदचं ऑफिस इथेच. मला वाटलं, नवऱ्याच्या हाती पाठवला असशील.

पण तूही कमाल केलीस! 'ताई, मी दारात आहे' एवढे शब्द टाइप करायला काय झालं होतं? एक फोन करता येत नव्हता? एवढा ताठा कुणाचा घेतलास? उत्तर देऊ नकोस. माहीत आहे.

उलवे,
रविवार

हे पत्र टपालात टाकणार होते. टाकलं नाही. स्वानंदकडून पत्ता घेतला; तुला सांगू नको म्हणून दम दिलाय, त्याच्यावर चिडू नकोस. तुमचं उलवे म्हणजे एक दिव्यच. मोबाईलमधली बाई सांगते उजवीकडे वळा, आणि उजवीकडे खड्डा अन् काँक्रीटचा मिक्सर. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, मॅपवर विश्वास ठेवू नका." मी म्हटलं, "बाबा, माझं पोट त्याच्यावर चालतं."

आत्ता तुमच्या गेटाशी, वॉचमनच्या खुर्चीत बसून हे लिहितेय. तुझा डबा आणलाय. रिकामा परत द्यायचा नसतो आणि भरायचं मन होत नव्हतं, म्हणून वर्षभर त्यात माझा रवा राहिला. आता नारळाच्या वड्या आहेत. जरा कडक झाल्यात. सवयीचंच आहे तुला.

डबा आणि हे पत्र वॉचमनच्या हाती वर पाठवतेय. मी मात्र आमंत्रणाशिवाय जिना चढणार नाही. त्या अक्षता अजून असतील तर घेऊन ये.

लोकेशन पाठवलंय. उघडून बघ.

खाली थांबलेली,
ताई