खुर्चीतला दीर

गोमाजी भाऊजी,

चेंदणी कोळीवाड्यात तुम्ही लावलेल्या बॅनरचा फोटो मला इथे आफ्रिकेत व्हॉट्सॲपवर आला. 'आमच्या वहिनी परराष्ट्र राज्यमंत्री, घडवणारे आम्ही!' तुमचा फोटो मोठा, माझा खाली कोपऱ्यात. अगदी पहिल्या निवडणुकीसारखा.

तेव्हा आपला वॉर्ड महिला राखीव झाला म्हणून तुम्ही मला उभं केलंत. निवडून आले मी, पण ऑफिसात माझ्या खुर्चीत तुम्ही बसायचात. म्हणायचात, "वहिनी, तुम्ही फक्त सही करा."

आज इथल्या खाडीकाठच्या एका गावात, आपलं सरकार देतंय त्या बर्फाच्या कारखान्याचा करार होता. मासे विकणाऱ्या बायकांची सोसायटी. पण अध्यक्ष बाई मागे उभी आणि खुर्चीत तिचा दीर! तो हसून काहीतरी बोलला. दुभाषी सांगायला लागला, तर मी म्हटलं, "राहू द्या, हे मला पाठ आहे." आणि पेनाला टोपण लावलं. "मासळी विकते ती खुर्चीत बसेल, तरच मी सही करीन."

तो उठला. बाई बसली आणि लगेच माझ्याशीच घासाघीस करायला लागली. कारखान्याबरोबर टेम्पोपण पाहिजे म्हणे! अस्सल कोळीणच. दिला मी.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तुम्ही त्याचाही बॅनर कराल. पण भाऊजी, तुम्हाला उठवायला मला अख्खी टर्म लागली होती. त्याला मी एका वाक्यात उठवलं.

तुमची वहिनी,
दक्षता
(बॅनरवर खाली, कोपऱ्यात)