सवयीचा आवाज

९ जून १९७४
घर लागलं एकदाचं! कुपवाडच्या वाटेवर दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याला लागून जास्वंद. हे पलटणीबरोबर जम्मूला, त्यामुळे मी, आठ महिन्यांची चिमी आणि दोन ट्रंका एवढाच संसार. उद्या विश्रामबागेतल्या शाळेत रुजू व्हायचं. भिंतीपलीकडे बादल्यांचा कारखाना आहे, दिवसभर पत्रा ठोकतात. घरमालकीण भामाबाई म्हणाल्या, “आवाज लय हाय, पर थोड्या दिसांत कळायचाबी न्हाई तुमास्नी.” मी शाळेत असताना चिमीला त्याच सांभाळणार. बाई मायाळू आहेत. फक्त आपण बोलताना टक लावून ओठांकडे बघतात.

१७ जून
भामाबाईंचं खरं झालं. ठोकणं आता जाणवतच नाही. डी.एड.ला शिकवलं होतं, तोच तोच आवाज मेंदू गाळून टाकतो आणि कामाचा तेवढा आत सोडतो. म्हणून तर भर गोंगाटातही आईला आपल्या बाळाची कुरकुर कळते.
आज भामाबाईंचे यजमान आकाराम त्यांना दारातून हाका मारत होते. त्या समोरच तांदूळ निवडत होत्या, पण मान वर केली नाही. बहिऱ्या म्हणावं तर माझी बांगडी किणकिणली की वळतात.

२६ जून
मी समोर बसले असूनही दूध उतू गेलं, फसफस कळली नाही. शाळेत तासाची घंटाही ऐकली नाही, मुली हसल्या. दमले असेन.

३० जून
भामाबाई बाजारात गेल्या तेव्हा आकारामांनी सांगितलं. त्यांची गंगी चार वर्षांची, दिवसभर आईच्या मागे ‘आई, आई’ करायची. घरामागच्या परड्यातल्या हौदात पडली. भामाबाई तिथंच भांडी घासत होत्या. पोरीचा आकांत ऐकून कारखान्यातली माणसं धावत आली, तोवर पोर गेली होती; आईला मात्र काहीच ऐकू गेलं नाही.
मग खाली बघत म्हणाले, “आता दिसभर गंगीच्याच हाका आयकती. दुसऱ्या कुणाचा आवाज न्हाई. तुमी हितनं जावा, बाई.”

३ जुलै
दुसरी खोली मिळाली, शुक्रवारी जायचं.
शाळेतून आले तर चिमी भामाबाईंच्या मांडीवर खिदळत होती. वाटलं, खिदळतेय. तोंड उघडं, डोळे मिटलेले. जवळ गेले तर गाल भिजलेले. रडत होती. कधीपासून? आणि मला —

४ जुलै
रजा टाकली. पाळण्यावरून नजर काढत नाही. ओठ थरथरले की उचलून घेते.
दुपारी परड्यातून कुणीतरी ‘आई’ म्हणालं. इतकं स्वच्छ. इतके दिवस असं काही —

५ जुलै
सामान बांधलंय. टांगा येईल. आला तरी कळणार कसं? दाराकडे बघायचं की पाळण्याकडे —
पुन्हा हाक. माझी नव्हे ती. उठायचं नाही. लिहीत राहायचं.
‘आई’ —
भामाबाई ओट्यावर होत्या. आता नाहीत.
चिमी रडली! ऐकलं मी! किती दिवसांनी, माझी बाय, किती मोठ्यानं —
पण परड्यातून —
पाळण्यात नुसतं दुपटं —