कानामागची सोनेरी पिसं

सर, आज मी ती टिबुकली पाहिली, पाण्यात बुड्या मारणारी. काळ्या मानेची, उत्तरेच्या तळ्यांवरून हिवाळ्यात येणारी. आठवीत असताना वसईच्या मिठागरात दिसली म्हणून मी तुम्हाला सांगितलं होतं, तीच. हॉस्पिटलच्या ड्यूटीला सुट्टी होती, लेकीला घेऊन सकाळीच इकडे आखातात, दोह्याबाहेर समुद्रावर गेले होते. उथळ पाण्यात काहीतरी बुडालं आणि मी आपोआप आकडे मोजायला लागले, तुम्ही शिकवलं होतं तसे. अठ्ठावीसला वर आली. लाल डोळा, चोच टोकाशी जराशी वर वळलेली. लेक कंटाळून म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट अ डक. यल्ला, कॅन वी गो?" मी मात्र कानामागची सोनेरी पिसं शोधत होते. ती नव्हतीच. मानही नावापुरती काळी, खरी मळकट राखाडी. घरी येऊन पुस्तक उघडलं. सोनेरी पिसं फक्त उन्हाळ्यात येतात, तिकडे उत्तरेत, विणीच्या दिवसांत.

सर, मी तेव्हा काही पाहिलं नव्हतं. तुमच्या वहीत वर्गातल्या बाकी प्रत्येकाच्या नावापुढे त्याने पाहिलेला एखादा तरी पक्षी होता, माझ्या नावापुढे एकही नव्हता. म्हणून तुमच्याच कपाटातल्या पुस्तकातलं चित्र पाठ करून आले. अजून डोळ्यांसमोर आहे: तुम्ही पेनाचं टोपण काढून बसला आहात. "सोनेरी पिसं? या डिसेंबरात? नक्की, बाय?" मी छातीठोकपणे म्हणते, "देवाशपथ, सर." तुम्ही काही न लिहिता टोपण लावता. "मग मलाही दाखव." तो सगळा हिवाळा दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की तुम्ही सायकल घेऊन मिठागरावर हजर. दम्याने धाप लागलेली, तरी बांधावर माझ्याशेजारी उभे. "काही सांगायचं असलं तर सांग हं," एवढंच म्हणायचात. मी पाण्याकडे बोट दाखवायचे. सरांना कसं बनवलं, याचा थोडा गर्वही वाटायचा मला. तुम्ही पक्ष्याची वाट बघत नव्हता, हे आज या वयात कळलं. फार वाईट वाटतं आहे, सर.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? पुस्तकात त्याच पानाशी ठेवते आहे. एक सांगायचं राहिलं. पुढच्या वर्षी तुम्ही देवाघरी गेल्याचं शाळेत सांगितलं तेव्हा सगळा वर्ग रडला, मीही रडले. पण रडू येण्याआधी, क्षणभर, मला हायसं वाटलं होतं. आता कोणी विचारणार नव्हतं.