गोल घरातला कोपरा

१९ एप्रिल १९८७, रविवार. इब्रामपूर

दादाने शेवटी बांधलंच! गावातले घुमट म्हणतात, पोरं कासव म्हणतात. मला तर सड्यावर पालथं घातलेलं मडकंच दिसलं. बांधायची तऱ्हाही अजब — आधी मातीचा हा एवढा ढीग घालायचा, त्यावर सळ्या, कोंबड्यांची जाळी, वर सिमेंट. सुकलं की दारातून सगळी माती उपसून काढायची. उरतं ते घर. "जन्मभर खाणीवर माती उपसलीस, आता निवृत्त झाल्यावरही तेच?" म्हटलं. हसला नाही.

यशोदावहिनी गेल्यापासून हसतच नाही तो. येत्या महिन्यात दोन वर्षं होतील. डिचोलीची भाड्याची खोली सोडून इथे एकटाच राहतो. मी सुट्टीभर इथेच. आतली भिंत रंगवायची आहे — "तुका काय व्हया तां काढ," एवढंच म्हणाला. वीस वर्षं शाळेत पोरांना घन आणि शंकू काढायला शिकवतेय. एवढी भिंत मला कुणी दिली नव्हती. रडूच आलं.

२१ एप्रिल

या घरात बोलणारा समोर असतो आणि आवाज पाठीमागून येतो! सकाळी बाहेर पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला, मी दचकून मागे बघितलं. दादा म्हणतो, सवय होईल. मला नाही वाटत.

परशुराम आणि रत्ना, बेळगावकडचं जोडपं. आतली माती यांनीच उपसली, आता कुंपण घालतायत. रत्ना केरही काढते. आज झाडू घेऊन तीन फेऱ्या मारल्या, मग वैतागली. "बाई, कोपरा न्हाई तर केर गोळा कुठं करायचा?"

बरोबरच आहे तिचं.

२६ एप्रिल

वेल काढली, पुसली. केळी काढल्या, पुसल्या. सरळ रेघ मारली की भिंत तिचं पोट काढते. स्वतःचाच राग आला. हेडमास्तर म्हणतात तेच खरं, डावखुऱ्या बाईकडून सरळ काही होत नाही!

३ मे

सुचलं! दादा मोतीबिंदू काढायला म्हापशाला गेलाय, दहा दिवस येत नाही. त्याला इथे झोप लागत नाही, घरासारखं वाटत नाही म्हणतो. मग घरच काढावं की! त्यांची डिचोलीची खोली — खाटेसमोरचा कोपरा, गजांचं जनेल, फळी, वहिनीची खुंटीवरची पिशवी. दादाच्या खाटेवर बसून बघितलं तर दोन भिंती काटकोनात मिळताना दिसल्या पाहिजेत. दोन पावलं बाजूला झालं की सगळं वाकडं. वाकड्या रेघा मारून सरळ कोपरा! पोरांना शिकवलेलं आता मलाच उपयोगी पडतंय.

७ मे

ती खोली शेवटचा महिना मी दारातूनच पाहिलेली. रोज पेज घेऊन जायचे, आणि वहिनी म्हणायची, "विनूक आत सोडू नका." का? मी काय केलं होतं? दादा कधी सांगत नाही. अजून लागतं ते. तरी रंगवताना सगळं आठवलं, पिशवीचा उसवलेला बंदसुद्धा.

१२ मे

झालं. खाटेवर बसले आणि माझाच माझ्यावर विश्वास बसेना. हात घालावा इतका खोल कोपरा.

रत्नाने केर काढला. नेहमीसारख्या फेऱ्या मारल्या नाहीत, सरळ चित्राकडे गेली आणि तिथून सुपली भरून आणली. "बाई, आता गोळा हुतोय बघा."

मी जमिनीवर हात फिरवून पाहिला. भिंत गोलच आहे.

१४ मे

दादा आला. डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा डोळा उघडा. खाटेवर बसला, समोर बघितलं आणि पांढराफटक पडला.

"पूस तां. आत्ताच्या आत्ता पूस."

मग सांगितलं. आजारपणात वहिनीला त्या कोपऱ्यात एक बाई दिसायची. पाठमोरी. रोज दुपारची. वहिनी भीतीने घामाघूम व्हायची. "तिका सांगलंय, कोनसो नसलेलां घर बांदतंय तुका. बांदूक वेळ झालो." म्हणून हे गोल घर! आणि मी शहाणी, त्यात कोपरा आणून ठेवला. लाज वाटली. पण सांगायचं तरी आधी!

दादा आजपासून व्हरांड्यात झोपणार.

१८ मे

चुन्याचा एक हात दिला. ताटल्यांना चुना चिकटतो म्हणून करवंटीत कालवते. चुना ओला असताना आरपार दिसतो, वाळला की पांढरा होतो — कुणालाही विचारा. इथे उलट. ओला होता तोवर पांढरा होता. वाळल्यावर कोपरा परत वर आला.

२२ मे

दुसरा हात. तेच.

केसांत चुना, डिंक, घाम. मानेला पुरळ उठलं. शेवटी रत्नाकडून कात्रीने मानेपर्यंत कापून घेतले. कमरेपर्यंतची वेणी गेली! आरशात कुणी परकीच बाई. परशुराम ओळखेना, म्हणाला, पाहुण्या कवा आल्या?

२५ मे

दुपारी काम करताना पाठीमागे खाट करकरते. दादा व्हरांड्यात असतो. या घराचा आवाजच तसा, असं मनाला सांगते. मागे बघत नाही. भीती वाटते, खोटं कशाला लिहू?

२९ मे

तिसरा हात देत होते. दारात खळ्ळ आवाज. दादा चहा घेऊन आला होता, कोप हातातून पडून फुटला. माझ्याकडे बघत राहिला. 

३० मे, शनिवार

रेडिओवर भाषणं, गोवा राज्य झालं. दादाने मध्येच बंद केला आणि सांगून टाकलं.

"केस मानेर कापलेले. उजव्या हातात करवंटी, डाव्या हातान भिंत पुसता. असां सांगायची यशोदा त्या बायलेचां. तेव्हा तुजी वेणी कमरेइतकी. माज्या मनात तरी कसां येतलां, विनू?"

 म्हटलं, म्हणून मला आत येऊ देत नव्हती?

"तू दारात इलंस की कोनशातली पण हलायची, म्हणायची. ती वळात म्हणान भियायची."

आणि शेवटी?

"तू पेज ठेवून गेलंस. चार वाजता म्हणाली, 'वळली.' आणि हसली गो! दोन म्हयन्यांनी हसली. 'आमचीच मगे ती,' म्हणाली. उदक मागलां. मी बावडेर गेलंय. येईसर जीव गेललो. पण ओठ ओले होते. हनुवटेक पांढरो डाग. माका वाटलां, भ्रम झालो तिका. आणि माका."

दोन वर्षं मी तिच्यावर रुसून होते. आणि ती माझ्याच पाठीला भीत होती.

उद्या ३१. ती गेली तो दिवस. दादा म्हणतो, भिंतच फोडून टाकू. मी नको म्हटलं. मी वळले नाही तर ती भीत भीतच जाईल.

३१ मे, रविवार

चार वाजता खाट करकरली. वळले. "वहिनी, मी गो, विनू." तिने पाणी मागितलं. तांब्या जवळच होता. चुन्याच्या हातानेच हनुवटी धरून पाजलं.