तुझ्या ओवीची चाल

माय, तुझी ओवी आता मोबाइलवर वाजते. तू असतीस तर फोनचं नाव काढताच विचारलं असतंस, कोणी मेलं काय? नाही, कोणी मेलं नाही. तुझी पणती, म्हणजे माझी नात, अमरावतीला तीन सोबत्यांसोबत गाते. बँड म्हणतात त्याला. पाठीशी कोणी कंपनी नाही, जुनी गाणी शोधतात आणि गिटार, डफ घेऊन आपल्या पद्धतीनं गातात. त्यांचा नवा अल्बम आला, त्यातलं शेवटचं गाणं तुझं आहे. म्हणजे लोक म्हणतात तुझं आहे. तेच सांगायला बसले.

मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे. शाळेत घालायच्या वयात तू माझ्या हाती म्हशीचा दोर दिलास. म्हणून हे सून लिहून राहिली. मी ‘मले’ म्हणते, ती ‘मला’ लिहिते. “अवो आई, कागदावर असंच लिहितेत,” म्हणते. लिही बाई, तू शिकलेली. पण कोणी बोललं ते जसंच्या तसं लिही, असा दम दिला आहे.

लेक दिली दूर बाई, मधात पूर्णा आडवी
कोण्या पाखराच्या हाती माय निरोप धाडवी

ही तू रचली आहेस, हे मला किती दिवस माहीत नव्हतं. लग्न होऊन पूर्णा नदीपल्याड अकोल्याला आले त्याच वर्षी, न कळवता, अमरावतीला मुक्काम करून पहिल्या गाडीनं माहेरी, चांदूर बाजारला उतरले. दार अर्धं लोटलेलं. तू पाठमोरी, ज्वारी दळत बसलेली. तुझा आवाज, खरं सांगू, फुटक्या घागरीसारखा. ‘मधात पूर्णा’ म्हणून तू थांबतेस, डाव्या हातानं घास जात्याच्या तोंडात टाकतेस, एक श्वास घेतेस, आणि मग ते ‘आडवी’ खाली पडतं, दमल्या माणसानं डोक्यावरचा भारा टाकावा तसं. मी उंबऱ्याबाहेर उभी. ज्या बाईनं जाताना मला तोंडानं कधी ‘ये’ म्हटलं नाही, ती जात्याला सांगत होती. मला हुंदका आला तशी तू वळलीस.

“आली काय? काहून रडून राहिली? सासूनं हाकललं काय?”

“नाई वो माय.”

“मंग पाय धू आन् जात्याले हात लाव. एकटीनंच वढू काय मी?”

माझ्यासमोर ती ओवी तू कधी म्हटली नाहीस. म्हणून पुढे दर खेपेला मी दाराबाहेर जरा थांबूनच आत यायची. तुला वाटायचं, पोरगी वहाणा झटकते आहे.

नातीला मी हे सगळं सांगितलं, आणि तिनं मला अमरावतीला नेलं. खोलीच्या चारी भिंतींना गाद्या ठोकलेल्या. मी म्हटलं, “येथं येडे ठेवतेत काय वो?” पोरं खूप हसली. मग नाकासमोर माईक आला, आणि मला एक शब्द आठवेना. हात रिकामा होता ना! ओवी माझ्या तोंडात नव्हतीच, हातात होती. शेवटी त्यांनी कुठून तरी स्टीलची परात आणली. ती गोल फिरवायला लागले तेव्हा तू आलीस, थांबत, श्वास घेत, खाली पडत.

“आजी, मधात थांबू नोको ना,” नात म्हणाली. “आन् शेवट जरासा वर घे. सूर पडून राहिला.”

मी वर घेतला. तिनं माझी हनुवटी धरली. “अस्सं!” मग ती स्वतः गायली, मागे थोडी मी. पोरीचा गळा मोठा सुरेल आहे, माय. आपल्या घराण्यात हा कुठून आला, देव जाणे.

अल्बमवर लोकांनी लिहिलं. नात अकोल्याला आली आणि माझ्या खाटेवर बसून एकेक वाचून दाखवलं. पणजीचा आवाज पोरीनं जसाच्या तसा वाचवला, असं एकानं लिहिलं. अस्सल वऱ्हाडी चाल, असं दुसऱ्यानं. सुनेनं शेजारीपाजारी पेढे वाटले. शेवटी एक जण निघाला. बाकीची गाणी चांगली, म्हणे, पण शेवटचं फार गुळगुळीत. दळणारी बाई दमते, मधेच थांबते. या गाण्यात कोणी दळतच नाही.

नातीनं मोबाइल खाटेवर आपटला आणि उशीत तोंड घातलं.

“मुडदा बसवला त्याचा,” मी म्हटलं. “त्याले काय समजते? त्यानं जातं तरी पाहिलं काय?”

“आजी, पणजी असंच म्हणे ना?”

“असंच म्हणे वो बापा. अगदी असंच.”

तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, माय, एवढ्या लोकांत तुझी आठवण झाली ती त्या एकट्याला, आणि त्यानं तुला पाहिलंही नाही. नात गेल्यावर मी तुझी चाल म्हणून पाहिली. नाही आली. पोराच्या मोबाइलची घंटी तेच गाणं, सून भाकरी थापताना तेच गाणं, आणि माझ्या तोंडीही तेच.

मग बार्शीटाकळीला भाचीच्या घरी लग्न निघालं. हळद दळायला जातं मांडलं होतं. बायका उठल्यावर मी मूठभर ज्वारी मागितली. भाची म्हणाली, “मावशी, या वयात कंबर धरते हो.” मी बसले. खुंटा धरला, घास टाकला, जातं फिरलं. ‘मधात पूर्णा’पाशी मुद्दाम थांबले. श्वास घेतला. आणि ‘आडवी’ वर गेलं, माय. पोरीनं शिकवलं तसं, सरळ वर. पुन्हा घास टाकला, पुन्हा वर. ज्वारी सरली. दाराबाहेर उभं राहून ऐकलेलं होतं तेवढं माझ्याजवळ तुझं, ते आता कुठंच नाही.

सुनेचा पेन थांबला आहे. “आई, हे पोरीले कळलं तं?”

“कशानं कळते? तू सांगशील काय?”

पत्र कुठं टाकायचं नाही. चुलीत टाकलं असतं, पण घरात गॅस आहे. राहील उशीखाली.

अजून एक आहे. लिही, सूनबाई, लिही. त्या जात्यावर मी रडत होते हे खरं. पण माय, ज्वारी सरल्यावरही मी रिकामं जातं थोडा वेळ फिरवत राहिले, कारण पोरीची चाल मला तुझ्यापेक्षा गोड लागत होती.