रिव्हर्स न घेणारा पॅरामेशियम

४ जानेवारी

ति. मामास,
बबडीचा सा. न. (वाकून केलाय असं समजा, समोर सूक्ष्मदर्शक आहे) वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ते तुम्ही मान्य करत नाही, म्हणून हे पत्र. पोरगी प्रयोगशाळेत दिवसभर करते तरी काय, असं तुम्ही मामीला विचारलंत म्हणे. तर मी पॅरामेशियम सांभाळते. एका पेशीचा जीव, पाण्यात राहतो, आकार चपलेच्या तळव्यासारखा, अंगभर बारीक केस. केस वल्ह्यांसारखे हलतात आणि तो पोहतो. ही वल्ही मारणारे मजूर म्हणजे प्रथिनं. स्वारी कुठे धडकली की तिच्या कातडीतलं एक दार उघडतं. तेही प्रथिनाचंच. बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, वल्ही उलटी फिरतात, आणि ती मागे सरून दुसरीकडे वळते.

माझ्याकडचा एक वाण मात्र मागे सरतच नाही. काचेला नाक लावून ढकलत बसतो. मी त्याला हट्टी म्हणते. माझ्या मते त्याचं दार बिघडलंय. आमच्या मॅडमना वाटतं वल्हीच अधू आहेत, आणि तसं असेल तर त्यात नवीन काही नाही. मार्चमध्ये समितीपुढे याचा निकाल लावता आला नाही, तर माझा विषय बंद. मग आईने बघून ठेवलेली विमा कचेरीतली नोकरी. रडू येतं, पण बशीत पडेल म्हणून आवरते.

लोभ आहेच, वाढला तर नको म्हणणार नाही.
तुमची, बबडी

१५ जानेवारी

चि. बबडीस, मामाचे भरघोस आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं, मला ऐकू येत असूनही. गाडी शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे मागे न सरणारे जीव मला नवीन नाहीत. सध्या एक दातांचे डॉक्टर शिकायला येतात. रिव्हर्स म्हटलं की त्यांचे हातपाय गार पडतात. काल भिंतीला टेकवून गाडी उभी केली, उतरले, आणि म्हणाले, उद्या इथूनच पुढे सुरू करू. पुढे भिंत आहे.

तुझ्या हट्टीचं निदान सोपं आहे. तूच लिहितेस की त्याचा सगळा कारभार प्रथिनांवर चालतो. मग जीव अडला म्हणजे प्रथिनं कमी पडली. कोपऱ्यावरचा व्यायामशाळावाला पोरांना जी पावडर देतो, तिचा डबा वेगळा पाठवतोय. चॉकलेटची चव आहे. लहान जिवाला तेवढं लागतंच. तुझ्या आईला मी समजावतो. तू घाबरू नकोस.

तब्येतीला जप, मला जपायला मामी आहे.
मामा

ता. क. डबा पाठवू नका म्हणून मी सांगितलं होतं. ह्यांना ऐकू आलं नाही. — मामी

२ फेब्रुवारी

ति. मामास,
बबडीचा सा. न. (आज जरा ताठच) वि. वि.

डबा पोचला. मामा, प्रथिन म्हणजे ताकदीची पावडर नव्हे हो. पेशीत प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. कुणी वल्हं मारतं, कुणी दार राखतं, कुणी गिळलेलं पचवतं, आणि ही सगळी प्रथिनं पेशी स्वतःच घडवते. बाहेरून पावडर टाकून मोडलेलं दार बसत नाही.

मी गमतीने डब्यावर ‘हट्टीसाठी, मामांकडून’ असं चिकटवलं आणि एक दिवस सुट्टी घेतली. माझ्या शेजारी काम करणाऱ्या उंटाने (उंचीवरून सगळे म्हणतात, स्वभाव गरीब) ते खरं धरलं आणि मोठ्या मायेने दोन चमचे भांड्यात घातले. पाण्यातले जिवाणू त्यावर तुटून पडले, बेसुमार वाढले आणि प्राणवायू संपवून बसले. दुसऱ्या दिवशी आमचा मजला वासानेच रिकामा झाला. हट्टीचं खानदान तळाशी मरून पडलं होतं. मी जिन्यात बसून पोटभर रडले.

उंट मात्र नाकाला रुमाल बांधून आत गेला. वर, हवेजवळ, काही जण जिवंत सापडले. ते त्याने ड्रॉपरने एकेक करून स्वच्छ पाण्यात सोडले. आता ते दुभंगून वाढतायत. मार्चपर्यंत पुरेसे होतील की नाही, देव जाणे.

मी रागावलेली नाही. समिती झाल्यावर रागावेन, आत्ता वेळ नाही.

तरीही तुमचीच, बबडी

९ फेब्रुवारी

चि. बबडीस, दबक्या आवाजात आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्यापासून मी कुणालाही सल्ला दिलेला नाही. मामीने कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. गाडीतही गप्प बसून होतो, तर दातांच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा रिव्हर्स घेतला. कुणी ओरडत नसलं की जमतं, म्हणाले. मी त्यावरही काही बोललो नाही.

समितीच्या दिवशी येतोय. मागच्या बाकावर बसेन, तोंड उघडणार नाही. उंटाला माझा नमस्कार सांग आणि माझ्या वतीने त्याची माफी माग.

रागाची तारीख ठरली की कळव.
मामा

२२ मार्च

ति. मामीस,
बबडीचा नाचत नाचत सा. न. वि. वि.

जमलं गं. एका सौम्य साबणासारख्या रसायनाने हट्टीच्या कातडीला बारीक भोकं पाडली. त्याने जीव मरतो, पण वल्ह्यांना इंधन दिलं तर ती चालत राहतात. मग पाण्यात कॅल्शियम घातलं. आता दाराची गरजच नव्हती, ते भोकांतून आत गेलं. वल्ही अधू असती तर काहीच झालं नसतं. पण समितीपुढच्या पडद्यावर तो मेलेला हट्टी थांबला, थरथरला आणि सरळ मागे निघाला.

मामा तोपर्यंत इस्त्रीचा शर्ट घालून, ओठ घट्ट मिटून बसले होते. हट्टीला मागे जाताना बघून त्यांचा तोल सुटला. उभे राहिले आणि रस्त्यावरच्या आवाजात म्हणाले, “बास, बास, आता स्टेअरिंग सरळ कर!”

सभागृहातल्या सगळ्या माना मागे वळल्या. मग समितीतले सगळ्यात वयस्कर गृहस्थ इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. त्यांनी तो प्रयोग पुन्हा दाखवायला लावला. मॅडम म्हणाल्या, वल्ही ठणठणीत आहेत, दारच गेलंय. विषय माझाच राहिला.

अडचण वेगळीच आहे. मामांना एकदा सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं, ते आता उठतच नाहीत. दोन दिवस बस चुकवली. उंट त्यांना चहा आणून देतो. धडकेल कोण आणि वळेल कोण, हे ते सगळ्या मजल्याला ओरडून सांगतात. मॅडमना स्वतःची खुर्ची मागायचा संकोच होतोय. तू कडक शब्दांत लिही, माझं ते ऐकत नाहीत.

तुझी, बबडी

२८ मार्च

चि. बबडीस, तोंडभरून आशीर्वाद.

तुझ्या आईला बातमी सांगितली. ती रडली, आणि विमा कचेरीत नकार कळवायला लगेच निघाली.

ह्यांच्याबद्दल लिहितेस ते समजलं. इकडे दोन बायका गाडी शिकायला आल्या होत्या. परत कसं पाठवायचं? लायसन माझंही आहे. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून इतकी वर्षं ह्यांची शिकवणी ऐकून सगळं पाठ झालंय. काल आम्ही तिघी घाटापर्यंत जाऊन आलो. मजा आली गं.

ह्यांना अजून आठवडाभर तिकडेच बघू दे. मॅडमसाठी दुसरी खुर्ची मी पाठवते.

तुझी, मामी